मुक्ताबाईनं भट्टी विझवली

सांगलीला कृष्णेच्या काठावर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचवट्यावर माईणकर डॉक्टरांचं उपचारघर होतं. बैठी कौलारू इमारत, पुढं कडुलिंबाची दोन झाडं आणि मागं निरगुडीचं दाट कुंपण. डॉक्टर गोळ्या-इंजेक्शनं फारशी देत नसत. मातीच्या पट्ट्या, पाण्याचे टब, पथ्याचं जेवण आणि वाफ, यांवर त्यांचा भर. पेठेतले लोक आधी हसायचे, "माणसं उकडायचा कारखाना" म्हणायचे. मग हसणाऱ्यांतल्याच कुणाची तरी कंबर धरायची, कुणाचा खांदा वर होईनासा व्हायचा, आणि तो गुपचूप मागच्या दारानं यायचा.

या कारखान्याची भट्टी आकाराम सोनावले सांभाळायचा. इमारतीच्या पाठीमागं पत्र्याच्या छपराखाली मोठं चुलाण होतं. त्यावर तांब्याचा झाकणबंद हंडा, आणि हंड्यातून निघून भिंतीपलीकडं गेलेल्या दोन नळ्या. एक पुरुषांच्या खोलीत, एक बायकांच्या. सकाळी सातला पहिला रोगी बसायच्या आत हंडा खदखदत असला पाहिजे, हे आकारामचं काम. १९६० साली खोली मिळाल्यावर त्यानं बायकोला गावाकडून आणलं. तीच ही मुक्ताबाई.

ती मेढ्याकडच्या डोंगरातली. छप्पन सालानंतर घरानं बौद्ध धम्म घेतला. सासऱ्यानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम त्याच दिवशी टाकून दिलं. त्यावरून गावानं दोन वर्षं बोलणं बंद केलं, भातलावणीच्या कामाला बोलावणं बंद केलं. म्हणून तर आकाराम सांगलीला आला. मुक्ताबाई आली तेव्हा तिशीची होती. भातलावणीत वाकून वाकून तिचा उजवा खांदा कायमचा आखडला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. तिनं त्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. गावात निम्म्या बायकांचा खांदा तसाच होता.

वर्षभर तिनं झाडलोट केली, टब घासले, ओले पंचे दांडीवर वाळत घातले. मग बायकांच्या खोलीत वाफ देणारी तानुबाई लेकीकडं राहायला कायमची निघून गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुक्ताबाईला हाक मारली.

"उद्यापासून बायकांना वाफ तुम्ही द्यायची."

मुक्ताबाईला आधी 'तुम्ही' ऐकूनच चुकल्यासारखं झालं. "मला काय येतंय साहेब? मी झाडायवाली."

"शिकाल. पण दुसऱ्याला बसवायचं, तर आधी आपण बसून बघायचं. आजच बसा."

वाफेची पेटी सागवानी होती, कपाटाएवढी. आत बसायला स्टूल, पुढं दोन फळ्यांचं दार, आणि वरच्या फळीला मान बाहेर राहील असं गोल भोक. डॉक्टरांच्या पत्नीनं, सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, तिला पेलाभर पाणी प्यायला लावलं, डोक्याला गार पाण्याचा पंचा गुंडाळला आणि दार लावून घेतलं. मग पितळी तोटी फिरवली.

वाफ आधी घोट्यांना लागली, मग पोटऱ्यांना, मग मांड्यांना. हंड्यात निरगुडीचा पाला टाकलेला होता. त्या कडवट वासानं मुक्ताबाईला एकदम डोंगरातली पायवाट आठवली. भिंतीपलीकडून आकारामचा आवाज आला, "मुक्ते, लय तापलं तर सांग गं!"

तिच्या मनात आलं, आजवर आपण किती जणांचं पाणी तापवलं. सासऱ्याच्या आंघोळीचं, जावांच्या बाळंतपणाचं, पावसातून भिजून आलेल्या सगळ्या घराचं. आपल्यासाठी कुणी पाणी तापवलेलं मात्र तिला आठवेना. आणि आज नवरा जाळ घालतोय, आणि एक शिकलीसवरलेली बाई आपलं कपाळ पुसतेय.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"डोळ्यात घाम गेला का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"व्हय," मुक्ताबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी उंच फळीवरचा मिठाचा डबा तिनं उजव्या हातानं काढला. डबा परत ठेवून तिनं पुन्हा एकदा काढून बघितला. नंतरच्या महिन्यात डॉक्टरांनी तिला आठवड्यातून दोनदा वाफ घ्यायला लावली, तेल लावून हात फिरवायला शिकवलं, आणि खांदा पुष्कळसा सुटला. पुढं जन्मभर तिला या उपचारघराबद्दल काही बोलायचं झालं की ती त्या डब्यापासून सुरुवात करायची.

काम ती झपाट्यानं शिकली. डॉक्टरांचं पहिलंच सांगणं असं होतं, "मुक्ताबाई, वाफेनं रोग पळून जात नाही. अंग मोकळं होतं, दुखणं हलकं होतं, चोंदलेलं नाक सुटतं, झोप लागते. त्यापलीकडं कुणाला काही कबूल करायचं नाही." कुणाला बसवायचं नाही तेही त्यांनी सांगितलं. पोटुशी बाई, अंगात ताप असलेली, उपाशी आलेली, छातीचं दुखणं असलेली. मुक्ताबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं ते बोटांच्या पेरांवर मोजून पाठ केलं.

बाकीचं ती बायकांकडूनच शिकली. पेटीत बसलेल्या बाईशी ती सारखं बोलत राहायची. "आज कालवन काय केलं? थोरली कुठं दिली?" उत्तर पटकन आलं की ठीक. उत्तर रेंगाळायला लागलं की दहा मिनिटं झालेली असोत की पाच, ती दार उघडायची. घाम तर तिला लिहिलेल्या कागदासारखा वाचता यायला लागला. आधी पाठीवर येणारा, मग कपाळावर, मोठ्या थेंबांचा, कोमट. असा घाम सुटला की बाई सुखात आहे. मंडईत दिवसभर उकिडवं बसून गुडघे धरलेल्या भाजीवाल्या यायच्या, कायमच्या सर्दीनं बेजार झालेली शाळेतली बाई यायची, ऊस खुरपून पाठ मोडलेल्या बायका यायच्या. जाताना त्या म्हणायच्या, "मुक्ताबाई, आज झोप लागंल गं." तेवढं ऐकलं की तिला दिवस सोन्याचा वाटायचा.

१९६५ च्या सप्टेंबरात येसूबाई आल्या. इस्लामपूरकडच्या, घरची पन्नास एकर बागायत, सगळा ऊस. नवरा वारलेला. कारभार दीर आप्पासाहेब बघायचे. एकुलता एक मुलगा हंबीरराव लष्करात, आणि तेव्हा लढाई पेटलेली. हंबीरराव सियालकोटच्या बाजूला होता एवढंच कळलं होतं. वीस दिवस पत्र नव्हतं. काळजीनं येसूबाईंची मान आणि दोन्ही खांदे लाकडासारखे झाले होते. मागं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. डॉक्टरांनी दहा दिवसांची वाफ लिहून दिली आणि उपचारघरातच एक खोली दिली. सोबत सून शालूबाई होती.

पहिल्या दिवशी मुक्ताबाई पंचा घेऊन पुढं झाली, तशा येसूबाईंनी विचारलं, "कुठली गं तू?"

"मेढ्याकडची."

"कुनाच्यातली?"

"आमी बौद्ध हाय," मुक्ताबाईनं सरळ सांगितलं.

येसूबाईंनी पदर आवरून घेतला. मग म्हणाल्या, "आंग पुसायचं शालू करंल. तू नुसती तोटी फिरव."

मुक्ताबाईला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. तिनं शालूबाईला पंचा कसा पिळायचा, कपाळावर कसा ठेवायचा ते दाखवलं आणि दोन हात लांब उभी राहिली. पण बोलणं सोडून चालणार नव्हतं. कालवणाचं विचारलं, येसूबाई गप्प. उसाचं विचारलं, गप्प. शेवटी ती म्हणाली, "हंबीरराव ल्हानपनी दांडगं हुतं का वो?"

"दांडगं?" येसूबाईंचा आवाज एकदम फुटला. "आवं, शाळेत जातो म्हनून जायचा आन् नदीला म्हशी पवनीला लावायचा." आणि मग थांबल्याच नाहीत. रोज वाफेत बसल्या की त्या लेकाबद्दल बोलायच्या. आठवड्याभरात मान उजवीकडं वळायला लागली. रेडिओवर लढाई थांबल्याची बातमी आली. हंबीररावाचं पत्र मात्र आलं नव्हतं.

आठव्या दिवशी डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई दोघंही पुण्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी परतणार होते. मुक्ताबाई खोली झाडून पाण्याचा पेला भरत होती, तेवढ्यात येसूबाई भिंतीला धरून आत आल्या. मागं शालूबाई, आणि तिच्या मागं दारात आप्पासाहेब. ते सकाळीच जीप घेऊन वहिनीला भेटायला आले होते.

"रातभर डावा खांदा भरून आलाय गं," येसूबाई म्हणाल्या. "कळ पार जबड्यापतुर जातीया. बसीव मला लवकर. वाफ लागली की सुटंल."

मुक्ताबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि तिचा हात पेल्यावरच थांबला. येसूबाईंच्या वरच्या ओठावर आणि कपाळावर घाम होता. सकाळ गार होती. तोटी अजून बंद होती. वाफेच्या आधीच घाम!

तिनं विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ पुढं होऊन येसूबाईंच्या कपाळाला हात लावला. घाम गार होता, चिकट होता. चार वर्षांत शेकडो बायकांचं कपाळ तिनं पुसलं होतं, पण असा घाम तिच्या हाताला कधी लागला नव्हता.

"आज न्हाई बसवायचं," ती म्हणाली.

"आं?"

"आज वाफ न्हाई. ह्यो खांद्याचा दुखावा न्हवं. मला वाटतंय छातीचं हाय. मिरजंच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे."

"तू कोन मला सांगनार?" येसूबाई कळवळून ओरडल्या. "हितं जीव चाललाय आन् ही वाट अडीवतीया!"

आप्पासाहेब पुढं झाले. गडी उंचापुरा, आवाज शिवाराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणारा. "डॉक्टरांची धा दिवसांची चिठ्ठी हाय का न्हाई?"

"हाय."

"मग?"

"साहेबांनी चिठ्ठी लिवली तवा ह्यो घाम न्हवता. त्यांनी ह्यो बघितला असता तर चिठ्ठी फाडली असती."

"शिकीवतीस मला? शालू, बसीव वैनीला. तोटी फिरवायला काय अक्कल लागती?"

शालूबाई घाबरून एकदा चुलतसासऱ्याकडं, एकदा सासूकडं बघायला लागली. मग तिनं पेटीचं दार उघडलं.

मुक्ताबाई तिथं थांबली नाही. मागच्या दारानं पळत ती चुलाणाकडं गेली. "आवं, जाळ काढा!"

आकाराम लाकूड सारत होता. "काय झालं?"

"जाळ काढा म्हनते! येसूबाईला बसवाय लागल्यात. ती बाई मरंल पेटीत."

"डॉक्टर न्हाईत, मुक्ते. उद्या इचारलं तर..."

तो बोलत होता तोवर तिनं हौदातली बादली उचलली आणि चुलाणात ओतली. फस्सकन आवाज झाला, राख आणि धूर छपरापर्यंत उसळला. आकाराम क्षणभर बायकोकडं बघत राहिला. मग त्यानं दुसरी बादली उचलली आणि उरलेल्या निखाऱ्यांवर टाकली. हंड्याचं तोंड सोडून त्यानं उरलीसुरली वाफही मोकळी केली.

राखेनं भरलेले हात घेऊन मुक्ताबाई आत आली. "आता दोन तास वाफ हुनार न्हाई. तवर तुमची जीप दारात उभी हाय. मिरजंला चला. माझ्यावर काय राग काढायचा तो माघारी आल्यावर काढा."

आप्पासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच येसूबाईंचे गुडघे वाकले. मुक्ताबाईनं त्यांना काखेत धरलं. आकारामही धावत आत आला. त्यानं आणि आप्पासाहेबांनी मिळून त्यांना जीपमध्ये आडवं केलं. डोकं मुक्ताबाईच्या मांडीवर.

मिरज सहा मैल. रस्ता खडबडीत. येसूबाईंचे डोळे मिटायला लागले की मुक्ताबाई त्यांचा हात दाबायची. "आवं, हंबीररावाला खायाला काय आवडतंय?"

"शेंगाची पोळी..." येसूबाई पुटपुटल्या.

"तूप घालून का नुसती?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "तूप घालून." मुक्ताबाईनं त्या उत्तराला धरून ठेवलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं. मुक्ताबाई बाहेर पायरीवर बसली आणि हातावरची राख पदरानं पुसायला लागली. आपलं चुकलं असलं तर? खांद्याचंच दुखणं निघालं तर? भट्टी विझवली, दहा रोगी परत गेले असतील, नवऱ्याचं काम गेलं, खोली गेली. पुन्हा मेढ्याच्या डोंगरात कुठल्या तोंडानं जायचं? तासाभरानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आप्पासाहेबांना सांगितलं की हृदयाचा झटका आहे, वेळेवर आणलंत, पण दोन दिवस काही सांगता येत नाही. मग विचारलं, "सकाळपासून यांना काही गरम शेक, वाफ, असलं काही दिलं नाही ना?"

आप्पासाहेब खाली बघत म्हणाले, "न्हाई. दिलं न्हाई."

"फार बरं केलंत. या अवस्थेत ते सोसलं नसतं."

आप्पासाहेब पायरीवर आले. मुक्ताबाई पदर सावरून उठायला लागली. "बस," ते म्हणाले. नंतर स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखं म्हणाले, "बसा." ते जाऊन दोन कप चहा घेऊन आले, एक तिच्या हातात दिला आणि शेजारच्या पायरीवर बसले. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "मी तोटी फिरवाय लावली असती, बाई." आणि तिचा रिकामा कप उचलून ते परत द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी माईणकर डॉक्टर पुण्याहून आले. सगळं ऐकून ते आधी चुलाणाकडं गेले आणि ओल्या राखेच्या ढिगाकडं बघत उभे राहिले. आकाराम आणि मुक्ताबाई मागं हात बांधून. डॉक्टर वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "येसूबाईंची छाती मी पुन्हा तपासून जायला हवी होती," ते म्हणाले. "मी ते केलं नाही. तुम्ही केलंत." मग त्यांनी सगळ्या नोकरमाणसांना अंगणात बोलावून सांगितलं, की आजपासून बायकांच्या खोलीत माझी चिठ्ठी दुसरी, आधी मुक्ताबाईंची नजर. त्या नाही म्हणाल्या तर नाही, मग रोगी कुणीही असो.

येसूबाई दीड महिना दवाखान्यात पडून होत्या. अंथरुणावर असतानाच हंबीररावाचं पत्र आलं. पोटरीत तोफगोळ्याची कपची घुसली होती, बाकी सुखरूप होता.

१९६६ च्या जानेवारीत एक दिवस काठी टेकत एक लष्करी जवान उपचारघराच्या दारात आला. खांद्यावर गुळाची ढेप. "आईला वाफ न देनारी बाई हितं कोन हाय?" त्यानं मोठ्यानं विचारलं. अंगणातल्या बायका हसायला लागल्या. मुक्ताबाई बाहेर आली, तसा तो ढेप खाली ठेवून, काठी बाजूला टाकून वाकला.

"आवं, असं करू नगा!" ती मागं सरली.

"आईचा हुकूम हाय. पाया पडल्याबिगर घरी याचं न्हाई म्हनालीया. लष्करात हुकूम मोडता येत न्हाई."

डॉक्टरांनी त्याची पोटरी तपासली, जखम पुरती भरल्याची खात्री केली, आणि त्याला ठेवून घेतलं. पुरुषांच्या खोलीत आकारामनं त्याला तीन आठवडे वाफ दिली, रोज तेल लावून पाय चोळला. जाताना हंबीरराव काठी विसरून गेला. थोडा लंगडायचा, तो पुढंही लंगडलाच, पण बांधावरून चालायला त्याला कुणाचा आधार लागला नाही.

पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. येसूबाईंनी बारशाला मुक्ताबाईला बोलावणं धाडलं. नुसता निरोप नव्हता. आप्पासाहेब स्वतः सांगायला आले. मुक्ताबाई जरीकाठाचं एकुलतं लुगडं नेसून एस्टीनं गेली. येसूबाईंनी तिला सोप्यात आपल्या शेजारी बसवलं. ते बघून कडेच्या चार बायका उठल्या आणि परसात जाऊन बसल्या. मुक्ताबाईनं मान खाली घातली. येसूबाईंनी मात्र आत हाक मारून दोन ताटं तिथंच मागवली, एक मुक्ताबाईपुढं ठेवलं, एक स्वतःपुढं, आणि जेवायला सुरुवात केली. उठलेल्या बायका परत आल्या नाहीत. पण थोड्या वेळानं शालूबाईची आई आपलं ताट घेऊन आली आणि दोघींच्या समोर बसली. पाठोपाठ आणखी दोघी आल्या.

जेवण झाल्यावर बाळ मुक्ताबाईच्या मांडीवर देऊन येसूबाई म्हणाल्या, "तुझ्यामुळं मी हिला बघितली गं."

"मला काय येत हुतं?" मुक्ताबाई म्हणाली. "डॉक्टरसाहेबांनी शिकीवलं. मालकानं बादली उचलली. आन् तुमी माझं ऐकलंसा."

"मी कुठं ऐकलं? मी तर तुला शिव्या घातल्या."

दोघी हसल्या. हसता हसता येसूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मुक्ताबाई झोपलेल्या पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. गावात दोन वर्षं कुणी बोलत नव्हतं ते दिवस तिला आठवले, आणि मग डॉक्टरांच्या घरात मिळालेलं काम, त्या कामानं दिलेले हात, आणि ज्यांनी ज्यांनी त्या हातांवर विश्वास टाकला ती माणसं. तिला वाटलं, आपल्या वाट्याला लय आलं.

येसूबाई तिला राहा म्हणत होत्या, पण ती रात्रीपुरतीच राहिली आणि पहिल्या गाडीनं निघाली. सांगलीला पोचली तेव्हा ओसरीवर पाच-सहा बायका वाट बघत बसल्या होत्या. एक म्हातारी कंबरेला हात लावून म्हणाली, "आलीस का बाय? काल डॉक्टरांनी आमाला बसीवलंच न्हाई. मुक्ताबाई न्हाई तर वाफ न्हाई म्हनले."

"बराबर हाय त्यांचं," मुक्ताबाई म्हणाली. पिशवी खाली ठेवून तिनं म्हातारीच्या कपाळाला हात लावला. "सकाळी काय खाल्लंय का न्हाई, आजी?"